खाऱ्या पाण्यात हवा खेळवताना

समुद्रापासून दूरची टाकी

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जातो. जुने महाराष्ट्र सदन, दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि फरीदकोट हाउसमधील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण या वास्तू याच मार्गावर आहेत. मुंबईचा समुद्र येथून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय किंवा रत्नागिरीत झाडगाव येथे असलेले कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय समुद्राच्या काठावर उभारले गेले. दिल्लीत मात्र आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवून समुद्राचे पाणी तयार करावे लागते. ते महाग असते, म्हणून वारंवार बदलले जात नाही. अशा टाकीचा बाहेरच्या जगाशी अहोरात्र चालणारा एकच व्यवहार उरतो, तो खोलीतील हवेशी. हवा खेळवणारी उपकरणे हा व्यवहार चालवतात आणि त्यांच्यामुळे पाण्याचे रसायन कसे बदलते, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी कोपर्निकस मार्गावरील एखाद्या खोलीत ठेवलेली ३०० लिटरची टाकी गृहीत धरली आहे.

वातन म्हणजे काय

पाणी आणि हवा यांच्यातील वायूंची देवाणघेवाण वेगाने घडवून आणणे म्हणजे वातन. पाण्यात एखादा वायू किती विरघळेल, हे त्या वायूच्या हवेतील आंशिक दाबावर अवलंबून असते. हा हेन्रीचा नियम आहे. वायू अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. त्यामुळे एकाच बुडबुड्यातून ऑक्सिजन पाण्यात शिरतो आणि त्याच वेळी पाण्यातील जादा कार्बन डायऑक्साइड त्याच बुडबुड्यात येतो. कोणता वायू कोणत्या दिशेने जाईल हे उपकरण ठरवत नाही, ते केवळ वेग वाढवते. दिशा ठरते ती पाण्यात आणि हवेत त्या क्षणी काय आहे यावरून. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

उपकरणे आणि पृष्ठभाग

सर्वांत साधे साधन म्हणजे एअर पंप आणि त्याच्या नळीला जोडलेला सच्छिद्र एअर स्टोन. त्याचे मोठे बुडबुडे दीड-दोन फूट पाण्यातून काही क्षणांत वर येतात, त्यामुळे त्यांच्यातून थेट होणारी देवाणघेवाण मर्यादित असते. त्यांचे खरे काम तळाचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग मोडणे हे आहे. प्रवाह निर्माण करणारा वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवला की तो एकही बुडबुडा न सोडता हेच काम करतो. काठावरून ओसंडून खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, पडणारे पाणीही तेच साधते. शिवाय ते पृष्ठभागावर साचणारा सेंद्रिय पदार्थांचा तेलकट थर ओढून नेते. हा थर दिसायला नगण्य असला तरी वायूंच्या ये-जा करण्यात अडथळा आणतो.

बुडबुड्याचा आकार निर्णायक ठरतो. एक लिटर हवा ५ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली तर त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे १.२ चौरस मीटर होते. तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली तर ते १२ चौरस मीटर होते. प्रोटीन स्किमर हे फेस काढणारे उपकरण या गुणाकारावरच चालते.

ऑक्सिजन

क्षारतेबरोबर पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. तापमान ३० अंशांवर गेले की समुद्राच्या पाण्यातील हा आकडा ६.२ पर्यंत उतरतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. दिल्लीच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीला अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी ताण बसतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण शैवालाचे श्वसन चालूच राहते, म्हणून पहाटेच्या सुमारास ऑक्सिजन सर्वांत कमी असतो.

मासे हे ऑक्सिजनचे एकमेव ग्राहक नाहीत. अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू एक ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन वापरतात. वातन मंदावले की नत्रीकरणही मंदावते, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेपाठोपाठ अमोनिया वाढतो. याच क्रियेत आम्ल तयार होते. एक ग्रॅम नत्रामागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीची अल्कता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, खर्च होते. पण टाकीच्या कानाकोपऱ्यात ऑक्सिजन पोचणेही हिताचे नसते. सच्छिद्र खडकांच्या गाभ्यात ऑक्सिजनविरहित भाग शिल्लक असला तरच तेथील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि खर्च झालेल्या अल्कतेपैकी जवळपास अर्धी परत देतात.

कार्बन डायऑक्साइड आणि सामू

खाऱ्या पाण्याच्या रसायनावर वातनाचा सर्वांत खोल परिणाम ऑक्सिजनद्वारे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइडद्वारे होतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनवतो. त्यापासून बायकार्बोनेट आणि पुढे कार्बोनेट आयन तयार होतात. समुद्राच्या पाण्यातील अकार्बनी कार्बनाचा जवळपास नऊ-दशांश भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि उरलेला बहुतेक कार्बोनेटच्या. मोकळ्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. तरीही वायू म्हणून ये-जा करतो तो एवढा लहान भागच, आणि सामू (पीएच) हलतो तोही त्याच्यामुळेच.

येथून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मोकळा कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की बायकार्बोनेटच्या साठ्यातून तो पुन्हा भरून येतो. म्हणून ऑक्सिजन हवेशी लवकर समतोल साधतो, कार्बन डायऑक्साइड मात्र त्या मानाने फार सावकाश. महासागराच्या वरच्या थरातही हाच फरक दिसतो: ऑक्सिजनला काही आठवडे लागतात, कार्बन डायऑक्साइडला जवळपास वर्ष. टाकीत मासे व्यवस्थित श्वास घेत आहेत, ऑक्सिजन भरपूर आहे, तरीही सामू खाली आहे, अशी स्थिती त्यामुळे सर्रास आढळते. ऑक्सिजनपुरते पुरेसे असलेले वातन कार्बन डायऑक्साइडसाठी अपुरे असू शकते.

दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते आणि सामू वर जातो. रात्री श्वसनामुळे तो खाली येतो. ७.८ ते ८.३ या मर्यादेतील हे दैनंदिन हेलकावे सामान्य मानले जातात. जोमदार वातनाने हेलकावा लहान होतो, कारण दिवसाची उणीव आणि रात्रीची भर या दोन्ही हवेतून भरून निघतात.

अल्कता

सामू आणि अल्कता यांची गल्लत फार होते. पाण्याचा सामू म्हणजे त्या क्षणी पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचे मान, तर अल्कता म्हणजे आम्ल झेलण्याची एकूण क्षमता. नैसर्गिक समुद्रजलाची अल्कता लिटरमागे सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते. कार्बन डायऑक्साइड आत आला किंवा बाहेर गेला तरी अल्कता बदलत नाही, कारण तो आम्ल आणि त्याचा जोडीदार आयन बरोबरच घेऊन येतो. म्हणजेच वातनाने सामू बदलतो, पण अल्कता नाही. याच कारणाने सामू कमी दिसला की खाण्याचा सोडा टाकत राहण्याची सवय घातक ठरते. सोड्याने अल्कता वाढते, सामू फारसा हलत नाही. अतिरेक झाला की कॅल्शियम कार्बोनेट पंप आणि हीटरवर पांढऱ्या कपच्यांच्या रूपात जमा होते.

सामू खाली राहिला की कार्बोनेट आयन कमी होतात आणि चुन्याचे कवच बांधणारे सजीव मागे पडतात. भारतात खडकाळ प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते घरगुती टाकीसाठी नसतात आणि नसावेत. पण गोगलगायींचे शंख आणि खडकांवर पसरणारे जांभळट चुनखडी शैवाल यांच्यासाठीही हे रसायन तितकेच महत्त्वाचे आहे.

खोलीची हवा

मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज दहा लाख भागांत ४२० भागांच्या पुढे आहे. बंद खोलीत माणसांच्या श्वासामुळे ते १००० ते २००० पर्यंत सहज जाते, आणि गॅसची शेगडी किंवा गॅस हीटर असेल तर आणखी वर. सामान्य अल्कतेचे पाणी मोकळ्या हवेशी समतोलात असेल तर त्याचा सामू ८.१ च्या आसपास राहतो. हवेतील प्रमाण १२०० झाले तर तेच पाणी ७.७ च्या आसपास स्थिरावते. त्यात अल्कता तसूभरही कमी झालेली नसते.

म्हणजे बंद खोलीत वातन जितके उत्तम, तितके पाणी खोलीच्या हवेशी अधिक जुळते आणि सामू तितका निश्चितपणे खाली राहतो. अशा वेळी पंपाची क्षमता दुप्पट करून काही साधत नाही. हा दोष पंपाचा नाही, पंप ज्या हवेवर चालतो तिचा आहे.

धुके आणि बंद खिडक्या

हिवाळ्यातील दिल्लीची प्रदूषित हवा टाकीत शिरल्याने पाणी आम्लधर्मी होते, अशी समजूत ऐकू येते. हिशेब वेगळे सांगतो. मिनिटाला ४ लिटर हवा देणारा पंप दिवसभरात सुमारे ५.८ घनमीटर हवा पाण्यातून सोडतो. त्या हवेत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड धरला आणि तो सगळाच्या सगळा विरघळला असे मानले, तरी दिवसाला ०.६ मिलिग्रॅमहून कमी भर पडते. ३०० लिटरच्या टाकीच्या अल्कतेशी तुलना करता वर्षभरात जमणारे हे आम्ल एक टक्क्याइतकेही भरत नाही. सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम धरले तर दिवसाला पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास धूळ येते. ती स्किमरच्या फेसात आणि गाळणीत अडकते. याउलट, १००० भाग प्रमाण असलेल्या तेवढ्याच हवेतून दिवसभरात सुमारे दहा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड टाकीतून जातो. त्यातला किती पाण्यात राहतो हे फरकावर अवलंबून असले तरी परिमाणातील तफावत प्रचंड आहे.

या प्रदूषित धुक्याचा खरा परिणाम अप्रत्यक्ष आहे. धुके आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होतात, हवा शुद्ध करणारे यंत्र लावले जाते, आणि त्याची गाळणी धूळ अडवते, कार्बन डायऑक्साइड नाही. श्वसनासाठी स्वच्छ वाटणारी हीच हवा टाकीचा सामू खाली ओढते.

घरातील काही पदार्थांबाबत मात्र सावधगिरी खरोखर आवश्यक आहे. डास मारणाऱ्या कॉइल आणि फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने मासे आणि कोळंबीवर्गीय प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही विषारी असतात. खोलीतील हवा सतत पाण्यात ओढणारा पंप त्यांना थेट वाट देतो. फवारणीच्या वेळी पंपाची हवा दुसऱ्या खोलीतून घेणे हा सोपा उपाय आहे.

अमोनियाशी असलेले नाते

वातनाने अमोनिया उडून जातो, हा आणखी एक गैरसमज. सागरी पाण्याच्या सामूला अमोनियाचा बहुतांश भाग अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि आयन हवेत जात नाही. वायुरूप अमोनियाचा अंश इतका अल्प असतो की बुडबुड्यांनी तो लक्षणीय प्रमाणात कमी होत नाही. पण वातनाचा अमोनियाच्या विषारीपणावर मोठा परिणाम होतो. माशांना घातक असतो तो हा वायुरूप अंशच, आणि सामू ०.३ ने वाढला की तो साधारण दुप्पट होतो.

दूरवरून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मासे आणले जातात, तेव्हा हे नाते स्पष्ट दिसते. प्रवासात मासा कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही सोडतो. पहिल्यामुळे सामू घसरतो आणि त्यामुळे दुसरा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून त्या पाण्यात एअर स्टोन सोडला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, सामू वाढतो आणि साठलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी बनतो. हेतू चांगला असूनही मासा दगावतो. म्हणून क्षारता आणि तापमान जुळत असेल तर जुन्या पाण्यात वेळ न दवडता मासा स्वच्छ पाण्यात हलवणे अधिक सुरक्षित असते.

फेस काढणारे उपकरण

प्रोटीन स्किमर पंपाच्या तोंडाशी असलेल्या व्हेंच्युरीतून हवा ओढतो आणि तिचे अतिसूक्ष्म बुडबुडे करतो. प्रथिनांसारख्या सेंद्रिय रेणूंचा एक भाग पाण्यापासून दूर राहू पाहतो. असे रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमा होतात. समुद्राची लाट किनाऱ्यावर फेस आणते ती याच तत्त्वाने. हे उपकरण खाऱ्या पाण्यातच नीट चालते, कारण विरघळलेले क्षार बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. गोड्या पाण्यात ते मिसळून मोठे होतात आणि फेस टिकत नाही.

सेंद्रिय पदार्थ कुजण्याआधीच बाहेर गेल्याने पुढे होणारा अमोनिया, ऑक्सिजनचा खर्च आणि अल्कतेची घट हे तिन्ही टळते. मात्र आधीच विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट आयन स्किमर काढत नाही. पाण्यातून जाणारी हवा इतकी जास्त असते की बहुतेक टाक्यांत वातनाचे सर्वांत प्रभावी साधन तोच असतो.

बाष्पीभवन आणि क्षारता

पृष्ठभाग जितका खळाळता, तितके बाष्पीभवन अधिक. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागे राहते. ३०० लिटरपैकी ६ लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून ३५.७ होते. म्हणून ही घट खाऱ्या नव्हे, गोड्या आरओ पाण्यानेच भरायची असते. फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणारे सूक्ष्म थेंब मात्र मीठ घेऊन जातात. काठावर आणि दिव्यांवर जमणारी पांढरी पुटे त्यांचीच असतात.

बाष्पीभवनाने पाणी थंडही होते. एक लिटर पाणी वाफ झाले तर बाहेरून उष्णता न मिळाल्यास ३०० लिटरचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते. मे-जूनमधील कोरड्या लू वाऱ्यांच्या दिवसांत दिल्लीत साधा पंखाही टाकी थंड ठेवतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच पंख्याचा उपयोग मर्यादित असतो. मुंबईत ही स्थिती वर्षातील बराच काळ असते.

अतिरेक कोठे होतो

वातनाला कमाल मर्यादा आहे ती संपृक्ततेची. दाबाखालील पंपाच्या शोषणनळीत फट पडून हवा आत गेली तर दाबामुळे ती नेहमीपेक्षा जास्त विरघळते आणि पाणी वायूंनी अतिसंपृक्त होते. माशांच्या रक्तात व डोळ्यांमागे नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात. अशा वेळी उपाय पुन्हा वातनच असतो, कारण उघड्या पृष्ठभागावर खळाळून जादा वायू बाहेर निघून जातो. मोठ्या मत्स्यालयांत स्किमरमधून ओझोनही सोडतात. समुद्रजलाच्या लिटरमध्ये सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. ओझोन त्याच्यापासून विषारी ब्रोमीनयुक्त संयुगे बनवतो, म्हणून ओझोन दिलेले पाणी सक्रिय कोळशातून गाळल्याशिवाय टाकीत सोडत नाहीत. घरगुती टाकीला त्याची गरज क्वचितच असते.

समुद्राविना समुद्र

समुद्रापासून दूर समुद्रजल टिकवण्याचा प्रश्न नवा नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयात दर्शनी टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा साठा तळाशी ठेवला आणि पाणी अखंड फिरवत ठेवले. आजच्या सम्पची कल्पना तिथपर्यंत मागे जाते. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जीवाणू वसलेले ‘जिवंत’ खडक आणि एक एअर स्टोन याखेरीज जवळपास काहीच नव्हते. तेथील घरे मोकळ्या हवेची होती, हेही त्या यशामागचे एक कारण मानता येईल.

निदान आणि उपाय

सामू कमी असल्याचे कारण खोलीची हवा आहे की पाण्याची अल्कता, हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. टाकीतील पाणी भांड्यात घेऊन त्याचा सामू मोजायचा, नंतर भांडे बाहेर नेऊन मोकळ्या हवेत एअर स्टोनने सुमारे तासभर वातन करून पुन्हा मोजायचा. सामू वाढला तर टाकीत कार्बन डायऑक्साइड जादा आहे. मग तेच खोलीच्या हवेत करून पाहायचे. तेथेही वाढला तर टाकीतले वातन अपुरे आहे, न वाढला तर खोलीची हवाच कारणीभूत आहे. बाहेर नेऊनही सामू हलला नाही तर अल्कता मोजणे क्रमप्राप्त ठरते.

खोलीची हवा कारण ठरल्यास स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. धुक्याच्या दिवसांतही नळी बाहेरच ठेवता येते, कारण वरील हिशेबानुसार प्रदूषकांचा रासायनिक वाटा नगण्य आहे. ते शक्य नसेल तर नळीच्या मार्गात सोडा लाइमचे डबे जोडतात. भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी हाच पदार्थ असतो. तिसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा: ती रात्री थेंबाथेंबाने सोडली की कार्बन डायऑक्साइड बांधला जातो आणि कॅल्शियम व अल्कता दोन्हीची भर पडते. निवळीच्या साठ्यात मात्र हवा खेळवायची नसते. शाळेच्या प्रयोगात श्वास फुंकल्यावर निवळी दुधाळ होते, तसेच येथेही होते, आणि उपयोगी चुना अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो.